डाव्या बाजूची गळती

रविवारी दुकान बंद असतं, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी. घरच्यांसाठी ते रविवारीच खऱ्या अर्थानं उघडतं. वाद्यदुरुस्तीचा धंदा सुरू करताना आप्पांच्या वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. दुरुस्तीला आलेलं ट्रम्पेट असो की क्लॅरिनेट, ते मधल्या मोठ्या टेबलावर ठेवायचं, वरचा दिवा लावायचा, घरातल्या प्रत्येकानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि एकेकानं मत द्यायचं. सगळ्यांचं होईपर्यंत मालकानं तोंड उघडायचं नाही. आपल्या वस्तूबद्दल सर्वांत कमी माहिती मालकालाच असते, असा त्यामागचा विचार.

पद्धत चांगली होती. फक्त ती वाद्यांपुरती राहिली नाही. दुकानाचं छप्पर, थोरल्याचं लग्न, आत्याचा मोतीबिंदू, सगळं यथावकाश त्या टेबलावर येऊन गेलं. मोतीबिंदू तर आत्यासकट आला होता.

त्यामुळे या रविवारी दिव्याखाली धाकट्या सुनेच्या पोटाची एक्स-रे फिल्म टांगलेली होती, याचं धाकटी सोडून कुणालाच नवल वाटलं नाही. धाकट्यानं फिल्मचं पाकीट लपवलं होतं, पण क्लॅरिनेटच्या रिकाम्या पेटीत. म्हणजे या घरात जी जागा सर्वांत आधी उघडली जाते, तिथे.

लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती, मूल होत नव्हतं, आणि त्या मानानं घरानं बराच संयम दाखवला होता असं घराचं मत होतं. धाकटी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरचा माणूस ठामपणे चुकीचं अक्षर वाचतो तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, हे तिला कामामुळे येतं. ती स्टुलावर बसली आणि तिनं तो चेहरा लावला.

आप्पांनी फिल्म दिव्यासमोरच्या काचेला चिमट्यांनी अडकवली. आत्या, म्हणजे आप्पांची मोठी बहीण, भिंग घेऊन पुढे सरकली. तिनं हयातभर शाळेत भूगोल शिकवला होता, आणि कुठल्याही नकाशावर आपलं बोट आधी पडलं पाहिजे असा तिचा आग्रह असे.

"हे गर्भाशय," आत्या म्हणाली.

"दिसतंय," आप्पा म्हणाले. त्यांना उलटा टांगलेला भोंगा दिसत होता.

"आणि या दोन बाजूंच्या नळ्या."

"नळ्यांचं मला सांगू नकोस, आक्का." आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. वाद्य फार जवळून पाहायचं असलं की ते चष्मा काढतात, आणि मग कुणी श्वासही जोरात घ्यायचा नसतो. पांढऱ्या त्रिकोणाच्या एका कोपऱ्यातून दोऱ्यासारखी एक रेघ निघाली होती, वळणं घेत गेली होती आणि टोकाला तिचा धुरासारखा पांढुरका फराटा झाला होता. त्यांनी काठावरची खूण वाचून ती डावी बाजू असल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या बाजूला रेघच नव्हती. कोपरा होता आणि पुढे काळोख.

आप्पा मागे झाले. वाईट बातमी सांगताना ते हात पुसतात. त्यांनी हात पुसले.

"डावी गळतेय," ते म्हणाले.

"अगदी," आत्या म्हणाली. "हे बघ, इथे सगळं बाहेर सांडलंय. केवढं सांडलंय!"

"उजवी बघा उलट. थेंब बाहेर नाही. घट्ट. असं काम आता बघायला मिळत नाही."

थोरल्या सुनेची पाळी आली. थोरला एका बँडबरोबर दौऱ्यावर होता, त्यामुळे तिच्याकडे दोन मतं होती. तिनं दोन्ही डावीकडे टाकली. "गळतीच आहे. ह्यांनी पण हेच सांगितलं असतं."

मग धाकटा. त्याला खरं काय ते माहीत होतं. दवाखान्यातून परत येताना बायकोनं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि त्यानं दोनदा "अच्छा, असं होय," म्हटलं होतं. त्यानं फिल्मकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहायचं टाळलं.

"थोडं... गळल्यासारखं वाटतंय खरं," तो म्हणाला.

धाकटीनं एकदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं लगेच एका ट्रम्पेटची कळ हातात घेतली आणि ती फडक्यानं पुसू लागला. ती आधीच पुसलेली होती.

"आई?" आप्पांनी बायकोला विचारलं. मुलं झाल्यापासून ते तिला आईच म्हणतात.

"माझं मागाहून," आई म्हणाली. ती नेहमीच असं म्हणायची आणि मागाहून तिला कुणी विचारायचं नाही.

"मग आता सूनबाई. बोल."

धाकटी उठली. "आप्पा, ती गळती नाही."

"पोरी, गेली बेचाळीस वर्षं मी गळतीवर जेवतोय."

"माहितीये. पण त्यांनी पिशवीत औषध सोडलं होतं, एक्स-रेत पांढरं दिसणारं. नळी मोकळी असली की ते पुढच्या टोकानं पोटात सांडतं. सांडायलाच हवं. नळीचं ते टोक उघडंच असतं. बीज तिथूनच आत येतं."

"म्हणजे मुळातच टोक उघडं ठेवलंय?"

"हो."

आप्पांना हे बांधकाम पटलं नाही. कुण्या दुसऱ्या कारागिराचं काम पाहावं तसं त्यांनी फिल्मकडे पाहिलं.

"तर डावी चांगली आहे," धाकटी म्हणाली. "उजवी, ती घट्ट म्हणालात ना, तिच्यात औषध शिरलंच नाही."

चांगल्या बाजूला सगळ्यांनी मिळून दोषी ठरवलं होतं आणि बिघडलेलीचं कौतुक केलं होतं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," आत्या म्हणाली. "मला शंका होतीच."

"आक्का, केवढं सांडलंय म्हणालीस तू."

"ते मी वर्णन केलं. निदान तुझं होतं."

धाकटीनं पुढचं सांगून टाकलं. उजवी खरंच बंद असेल, किंवा औषध सोडताना कळ आली तेव्हा कोपऱ्यातला स्नायू आवळला गेला असेल. फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं. डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या होत्या. एक, काहीच करायचं नाही, एका नळीवरही मूल राहतं. दुसरी, आत फेस सोडून सोनोग्राफीवर तो नळीतून पुढे सरकतो का ते पाहायचं, त्याला भूल लागत नाही. तिसरी, पूर्ण भूल देऊन बेंबीतून दुर्बीण घालायची, निळं औषध सोडायचं आणि आतून डोळ्यांनीच बघायचं. दुर्बिणीसाठी गुरुवारची जागा राखून ठेवली होती. ती ठेवायची की सोडायची, हे तिनं सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"मग प्रश्नच मिटला," आप्पा म्हणाले. "शंका असेल तर उघडायचं. बाहेरून ठोकत बसायचं नाही."

"उघडलेलं बरं," आत्या म्हणाली.

"माझं उघडलंच होतं की," थोरली म्हणाली. "वर्षात जुळ्या झाल्या."

हात वर न करताच मतदान झाल्यासारखं झालं. आपल्या पोटावर बहुमत होताना धाकटी पाहत होती. रागावण्याइतकी ती परकी राहिली नव्हती आणि गप्प बसण्याइतकी घरची झाली नव्हती. ती काही बोलणार, तेवढ्यात आईनं हातातला कप बशीत ठेवला.

"माझी फुंकून बघितली होती," आई म्हणाली.

"काय फुंकून?" आप्पांनी विचारलं.

"नळी."

आप्पांची नजर नकळत भिंतीवरच्या ट्रम्पेटांकडे गेली.

"ती नव्हे. माझी. थोरल्याच्या आधी. तेव्हा खालून वायू सोडायचे, हळूहळू. आणि डॉक्टर कानाला नळ्या लावून पोटावर ऐकायचे. बुडबुड ऐकू आलं तर वाट मोकळी. मग म्हणाले, उठून बसा. बसले तर खांद्यात अशी कळ आली की मी रडायलाच लागले. वायू वर चढला की खांदा दुखतो म्हणे. तर ते म्हणतात कसे, अभिनंदन."

"खांदा दुखला म्हणून?" थोरली.

"तोच पुरावा."

"हे मला कुणी सांगितलं नाही," आप्पा म्हणाले. "मी कुठे होतो?"

"दौऱ्यावर. सर्कशीच्या बँडची वाद्यं सांभाळायला जायचात तेव्हा, अर्धं अर्धं वर्ष. डॉक्टरांनी पण हेच विचारलं, नवरा कुठाय? मी सांगितलं. त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या, आणि म्हणाले, बाई, मग मी तुमच्या पोटात वारा कशाला भरतोय? त्यांना घरी आणा."

थोरलीला हसू आलं. तिनं ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण खोकल्याला एवढा आवाज नसतो. मग आत्या हसली, आणि शेवटी धाकटीही.

"म्हणून तू मला दौरे सोडायला लावलेस?" आप्पा म्हणाले. "मला सांगितलंस, छप्पर गळतंय."

"छप्परही गळत होतं."

आईचं बोलणं अजून संपलं नव्हतं. तिनं धाकट्याकडे न पाहताच म्हटलं, "मोज्यांच्या खणात झाकणाची एक डबी आहे. मागच्या पावसाळ्यापासून पडलीय. रिकामी. ती डॉक्टरीणबाईंनी कुणासाठी दिली होती?"

धाकट्याच्या हातातली कळ खाली पडून टेबलाखाली घरंगळत गेली. तो ती शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"कामाची गडबड होती," तो टेबलाखालून म्हणाला.

"गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं," आई आप्पांना म्हणाली, "की आवाज नीट येत नाही, तर तुम्ही पहिलं काय करता?"

"त्यालाच वाजवायला लाव..." आप्पा बोलता बोलता थांबले. पण धंद्याच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नाहीत. "निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात," त्यांनी खालच्या आवाजात पुरं केलं.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," आई म्हणाली आणि कपबश्या गोळा करू लागली. "तुमचं चालू दे."

पण पुढे काही चालण्यासारखं उरलं नव्हतं. आप्पांनी दिवा मालवला. निर्णयाशिवाय टेबल उठण्याची ही पहिलीच वेळ होती. कुणाला काय करायचं ते कळेना, म्हणून सगळे आपापलं काहीतरी शोधत पांगले.

थोरली स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होती. तिच्या मनात अजून तो वायू बुडबुडत होता. या घरात ती बारा वर्षं राहत होती. आईंना तिनं मुकाट बाई मानून तशी वागणूकही दिली होती. आता मागचं सगळं नव्यानं मोजावं लागणार, असं तिला वाटत होतं.

धाकटी फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. दोघी जावांमध्ये भांडण असं नव्हतं. नुसती एक शिस्त होती: थोरली कामं सांगायची नाही, आणि धाकटी सांगितल्याशिवाय करायची नाही.

"मी मघाशी टेबलावर बोलले ते अर्धंच होतं," थोरली म्हणाली.

"कोणतं, वहिनी?"

"दुर्बिणीचं. मला महिन्याच्या त्या दिवसांत उभं राहता यायचं नाही. जमिनीवर लोळायचे. म्हणून दुर्बीण घातली. आत डाग सापडले, ते तिथेच जाळले. मला ती लागतच होती." तिनं कप जरा जास्तच घासला. "तुला तसं दुखतं का?"

"नाही. सगळ्यांना होतं तेवढंच."

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तुमच्या बाबतीत आधी फेसाची तपासणी पुरे. त्यात अडलं तर दुर्बीण. आणि मिस्टरांचं त्याआधीच व्हायला हवं होतं."

"मग हे सांगितलं का नाहीस टेबलावर?"

"बहुमत झालं होतं, वहिनी. तुमचीच दोन मतं होती."

थोरलीनं हात पुसले. "घे, दोन्ही परत घेतली. हे आले की त्यांचं त्यांना सांगेन." मग ती जरा जवळ सरकली. "एक सांगू? कुणाला बोलू नकोस. ते निळं औषध सोडतात ना, ते दुसऱ्या दिवशी लघवीतून येतं. हिरवट निळं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, संपलं आता. यांना आत बोलावून दाखवलं."

"भावजींना? मग?"

"बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जुन्या पितळेवर चढतो तसा रंग आहे, लिंबानं जाईल."

धाकटीच्या हातातून बशी निसटली. सुदैवानं पाण्यात पडली. दोघी ओट्याला धरून हसत राहिल्या. बाहेर आत्या कान देऊन उभी होती. आपल्याला वगळून या घरात काहीतरी गमतीचं घडतंय, हे तिला सहन होईना. ती आत आली आणि म्हणाली, "मी पण उघडा म्हणाले नव्हते. उघडलेलं बरं, एवढंच म्हणाले होते." या घरात आत्या ज्या बाजूला जाते ती बाजू जिंकते, असा तिचा समज आहे. जिंकणारी बाजू ओळखून तीच तिकडे जाते, असा इतरांचा.

धाकटा मागच्या पायऱ्यांवर बसला होता. तिथे पितळ धुवायचे टब असतात. बायको येऊन शेजारी बसली तेव्हा तो सरकला, जागा भरपूर असूनही.

"गळल्यासारखं वाटतंय म्हणालास."

"आप्पांच्या समोर उभं राहिलं की माझ्या तोंडून तेच निघतं. लहानपणी मी एका फुटक्या बासरीला अख्खी म्हणालो होतो. अजून ऐकवतात."

"आणि डबी?"

त्यानं टबातल्या पाण्यात बोट फिरवलं. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. घाबरलेला माणूस विनोद करतो तसा विनोद त्याला करायचा होता, पण एकही आठवेना.

"तू तुझं टेबलावर पाहिलंस ना आज?" तो शेवटी म्हणाला. "माझं काही कमी निघालं, तर तो कागद पण तिथेच येणार. दिवा लागणार. आक्काआत्या भिंग लावून मोजणार. आप्पा हात पुसणार." त्यानं वडिलांसारखे हात पुसून दाखवले, इतके हुबेहूब की तिला हसू आवरावं लागलं. "मला मूल नको असं नाही. मला फक्त त्या दिव्याखाली जायचं नाहीये."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. इतके महिने तिला वाटत होतं, हा आपल्याला एकटीला पुढे करतोय. तो नुसता लपत होता, तेही आपल्याच माणसांपासून. राग पुरता गेला नाही, पण बसायला त्याला नीटशी जागा राहिली नाही.

"माझं पोट तिथे होतं मघाशी," ती म्हणाली. "मी मेले नाही. पण मला ते आवडलंही नाही."

"मी पाकीट लपवलं होतं."

"क्लॅरिनेटच्या पेटीत."

"ते चुकलं."

"आता ऐक. डबी उद्या सकाळी दवाखान्यात जाणार. कागद आला की तू पाहशील आणि मी पाहीन. तिसरं कुणी नाही. आणि उद्या मी फोन करून गुरुवारची जागा सोडणार. फेसाचीच तपासणी करणार, पुढच्या पाळीनंतर. हे मी विचारत नाहीये."

"टेबलाचं काय?"

"टेबलाला लाकूड म्हणतात."

तो तिच्याकडे पाहू लागला. या घरात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मग त्यानं हळूच मागे दाराकडे पाहिलं. दारात आत्या नव्हती, हेच एक नवल.

पुढच्या महिन्यात दोघं दवाखान्यात गेले. आप्पांनी निघताना सगळ्यांच्या वतीनं एकच सूचना केली, "निकाल लागल्याबरोबर फोन." डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून धाकटीनं आधीच दुखण्यावरची गोळी घेतली होती. खोली लहान होती, पडदा अंगावर येईल इतका जवळ, आणि यंत्राची घरघर. धाकटा तिच्या डोक्याशी स्टुलावर बसला होता. त्याला बाहेर थांबण्याची मुभा होती. ती त्यानं घेतली नाही.

"थोडा दाब जाणवेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट सैल सोडा. काही वाटलं तर सांगा, मी थांबेन. घाई नाही."

घाई नाही, हे शब्द तिला बरे वाटले. एक्स-रे काढणारा माणूस चांगला होता, पण त्याच्यामागे रांग होती. करड्या पडद्यावर तिला काही समजेना. मग पांढरं काहीतरी मध्यभागी जमलं, आणि डावीकडे एक चकाकती रेघ सुळकन धावत गेली.

"ही डावी. ही मोकळी आहे, ते आपल्याला माहीत होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता उजवी."

उजवीकडे पांढरं कोपऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. धाकट्यानं तिचा हात घट्ट धरला. धाकटीच्या ओटीपोटात कळ उमटली, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी. तिला वाटलं, झालं, काळोखच आहे पुढे. आणि गुरुवारची जागा आपणच सोडली.

"थांबू या थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हातही हलवला नाही. "श्वास सोडा. बोला काहीतरी तिच्याशी."

"काय बोलू?" धाकट्यानं विचारलं.

"बायको तुमची आहे."

"फुटक्या बासरीचं सांगू?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "ती फुटकी नव्हतीच. आप्पांनी उलटी धरली होती. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग उलटी धरलीय, हे का नाही सांगितलंस?"

"सात वर्षांचा होतो. माझी पाळी शेवटी होती, तोवर..."

"बहुमत झालं होतं," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. पडद्यावर कोपऱ्यातलं पांढरं जरा थरथरलं, बारीक झालं, आणि कोपऱ्यापलीकडे एक रेघ निघाली. आधी तुटक, मग अखंड. ती वळली, पुढे गेली आणि टोकाला पसरली.

"गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही मोकळ्या. मागच्या वेळी आवळली असणार."

धाकटा पडद्याकडे पाहत होता. "सांडलं," तो म्हणाला. इतक्या आनंदानं हा शब्द त्याच्या घरात कुणी कधी उच्चारला नसेल.

कपडे करून दोघं टेबलासमोर बसले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचा कागदही पुढे ओढला. तो आधीच दोघांनी मिळून पाहिला होता, बंद खोलीत, दाराला खुर्ची लावून. तरी त्याचे कान लाल झाले.

"तुमचंही ठीक आहे. एक आकडा काठावर आहे, चिंतेचा नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा."

"ओढत नाही."

"मग घट्ट कपडे सोडा. थोडक्यात, दोघांतही दोष सापडत नाही."

"पण मग होत का नाही?" धाकटीनं विचारलं.

"कधी कधी कारण सापडत नाही. ते वाईट नसतं. काही महिने घरीच प्रयत्न करा, मग पुढचं बघू."

"घरी?" दोघंही एकदम म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरीच माणसं घरीच करतात."

"आमच्या शेजारच्या खोलीत आत्या असते," धाकटा म्हणाला. "मध्ये लाकडाची फळी आहे."

"मग आत्याला फिरायला पाठवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दवाखान्याच्या उपाहारगृहात खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. त्यांनी अंडी, पाव आणि दोन मोठे चहा घेतले. तिच्या पोटात अजून ओढल्यासारखं होत होतं, पण ते दुखणं आता कुणाच्या तरी ऐकलेल्या जुन्या वादासारखं दूर गेलं होतं. बाहेर माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. धाकट्यानं पाइपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा काही बोलला नाही.

त्याचा फोन वाजला. आप्पा. वाजून थांबला. मग आत्या. मग थोरली, मग पुन्हा आप्पा. प्रत्येक वेळी त्याचा हात आपोआप पुढे जायचा.

"नको," ती म्हणाली.

"निकाल लागल्याबरोबर म्हणाले होते."

"म्हणू देत. जेवण होईपर्यंत ही बातमी आपली."

"मग काय करायचं तिचं?"

"काही नाही. बसू दे इथे आपल्याबरोबर."

त्यानं फोन पालथा घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी होतं जे कुणी पाहिलं नव्हतं. त्याला ते जरा जड गेलं. मग पावाच्या दुसऱ्या तुकड्यापाशी आवडायला लागलं.

"एक फोन मात्र करते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ज्यांचा आला नाही त्यांना."

दुकानात फोन आईनं उचलला. ती गल्ल्यामागे बसली होती. आप्पा, आत्या आणि थोरली कामं सोडून तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. आईनं फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. पलीकडचं अक्षरही बाहेर येत नव्हतं.

"हं," आई म्हणाली. "हं. दोन्ही?" मग बराच वेळ ऐकलं. "तो पण? बरं." मग म्हणाली, "सावकाश जेवा. इथलं मी बघते." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" तिघांनी विचारलं.

"अजून नंबर लागला नाही म्हणाली."

"एवढा वेळ?" आत्या. "आणि दोन्ही काय?"

"दोन्ही डॉक्टर उशिरा आले."

"तो पण म्हणजे कोण?" थोरली.

"कंपाउंडर," आई म्हणाली. "बरीच गर्दी आहे म्हणे."

आत्याला हे काही केल्या पटत नव्हतं. तिनं भावाकडे पाहिलं. अशा वेळी काय करायचं ते तो जाणतो. आप्पांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांची नजर बायकोवर थांबली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त गालांवर आतून दिवा लावल्यासारखं काहीतरी दिसत होतं. दवाखान्यात गर्दी आहे, या बातमीनं माणूस एवढा सुखावत नाही. आप्पा चष्मा कपाळावर चढवायला गेले आणि मध्येच त्यांनी हात खाली घेतला.

"असेल," ते म्हणाले. "दवाखान्यात गर्दी असतेच. चल आक्का, आपण तोवर जरा फिरून येऊ."